शॅमेलिऑनचा पिंजरा

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण अंगणातल्या सरड्याला लागू पडते. कुंपणावर चढून मान वरखाली करणारा, माणसाची चाहूल लागताच निवडुंगात नाहीसा होणारा तो प्राणी कोणी पाळीत नाही. परंतु त्याचाच एक भाऊबंद आहे, की ज्याच्यासाठी माणसाने गेली चार शतके कुंपण शोधले, आणि शोधता शोधता कित्येक जिवांचा बळी घेतला. हा भाऊबंद म्हणजे शॅमेलिऑन. कोकणात ज्याला घोयरा म्हणतात, तो त्याच कुळातला. वळकटीसारखी गुंडाळलेली शेपटी, चिमट्यासारखे पाय, स्वतंत्रपणे दोन दिशांना फिरणारे डोळे आणि शरीराहून लांब जीभ, असे त्याचे ध्यान असते. त्याला घरात ठेवावयाचे तर कशात ठेवावे, हा प्रश्न वरवर पाहता सुताराचा वाटतो. इतिहास पाहिला म्हणजे कळते की तो प्रश्न निराळाच होता : ह्या प्राण्याला जगावयास काय लागते?

ह्या प्रश्नाचे पहिले प्रसिद्ध उत्तर साफ चुकीचे होते, आणि ते दीड हजार वर्षे टिकले. इ. स. च्या पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार प्लिनी याने लिहून ठेवले की हा प्राणी काही खात नाही, काही पीत नाही, केवळ वाऱ्यावर जगतो. त्याच्याही आधी ओव्हिड कवीने हीच समजूत काव्यात गोवली होती. आश्चर्य असे की, प्लिनीच्या चारशे वर्षे आधी ॲरिस्टॉटलने शॅमेलिऑनचे पोट उघडून त्याच्या शरीराचे बारकाईने वर्णन केले होते. डोळ्यांची ठेवण, अंगाचा पालटणारा रंग, सारे त्यात आले आहे. तथापि लोकांना ॲरिस्टॉटलच्या सुरीपेक्षा प्लिनीचा वारा अधिक रुचला. समजूत निर्माण होण्यास कारणही होते. शॅमेलिऑन तासन्‌तास तोंड उघडून निश्चल बसतो, छाती फुगवितो, आणि जीभ मारतो ती इतक्या वेगाने की साध्या डोळ्यांना माशी होती आणि नाहीशी झाली एवढेच समजते. शेक्सपिअरच्या हॅम्लेटला राजा कुशल विचारतो, तेव्हा तो राजपुत्रही आपण शॅमेलिऑनच्या ताटातले, म्हणजे हवा, खाऊन राहतो असे तिरकस उत्तर देतो. प्रेक्षकांना ते समजावून सांगावे लागत नसे.

ह्या समजुतीचा पाळीव प्राण्याच्या दृष्टीने अर्थ काय होतो, तो पाहावा. जो प्राणी वाऱ्यावर जगतो त्याला पेटी पुरेशी आहे. त्याला पाणी नको, किडे नकोत, ऊन नको. तो मेला तर त्याचे दैव.

सोळाव्या शतकात पिएर बेलाँ हा फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ पूर्वेकडील देशांत हिंडून आला. त्याने शॅमेलिऑनचे पोट चिरून पाहिले तेव्हा आत माश्या, सुरवंट, भुंगे असे किडे सापडले. १६४६ साली इंग्लंडमधील वैद्य सर टॉमस ब्राउन यांनी लोकभ्रमांवर एक मोठा ग्रंथ लिहिला, त्यात वाऱ्यावर जगण्याच्या कल्पनेला एक स्वतंत्र प्रकरण दिले आणि बेलाँची साक्ष काढली. त्याच प्रकरणात आणखी एका गृहस्थांचा उल्लेख आहे. दक्षिण फ्रान्समधील एक्स शहरी राहणारे पेरेस्क हे मोठे विद्याव्यासंगी. ग्रहताऱ्यांपासून जुन्या नाण्यांपर्यंत सर्वत्र त्यांची नजर असे. त्यांनी जिवंत शॅमेलिऑन पाळला होता. तो पाणी पितो आणि पिठात होणाऱ्या अळ्या आवडीने खातो, हे त्यांना पुनःपुन्हा दिसले. पेरेस्क १६३७ साली वारले. पिठातील अळी ही गोष्ट क्षुल्लक वाटते; पण आजही जगभर शॅमेलिऑन पाळणारा मनुष्य हीच अळी बरणीत वाढवितो.

ह्यानंतरचा प्रसंग पॅरिसचा. तेथील विज्ञान अकादमी १६६६ साली स्थापन झाली आणि तीन वर्षांच्या आत तिच्या सभासदांनी शॅमेलिऑनवर प्रबंध प्रसिद्ध केला. ह्या कामाचे अध्वर्यू क्लोद पेरो. हे वैद्य होते आणि वास्तुशिल्पीही. लूव्र राजवाड्याच्या पूर्वेकडील दर्शनी बाजूच्या रचनेत त्यांचा हात होता, आणि सिंडरेलाची गोष्ट सांगणारे शार्ल पेरो त्यांचे धाकटे बंधू. ह्या मंडळींनी प्राण्याला काही काळ जिवंत ठेवून पाहिले. निरनिराळ्या रंगांच्या वस्त्रांवर बसविले, कापडात गुंडाळले, उन्हात नेले, सावलीत आणले. ज्या वस्तूवर बसावे तिचा रंग तो घेतो, हा जुना समज त्यामुळे डळमळला. त्याचे रंग बदलतात ते ऊन, थंडी आणि त्याची स्वतःची चित्तवृत्ती यांमुळे, असे दिसू लागले. प्राणी मेल्यावर त्यांनी त्याची चिरफाड केली. पुढे १६८८ साली उंटाचे विच्छेदन करताना जडलेल्या रोगाने पेरो वारले, असे सांगतात.

त्याच पॅरिसमध्ये मादमोआझेल द स्क्युदेरी ही त्या काळची विख्यात कादंबरीकर्ती राहत होती. १६७२ साली तिला इजिप्तमधील अलेक्झांड्रियाहून शॅमेलिऑन भेटीदाखल आले. तिच्या घरी कवी आणि विद्वान जमत, त्या बैठकीत हे पाहुणेही असत. तिने त्यांचे वागणे टिपून ठेवले आणि त्यांची हकीकत १६८८ साली प्रसिद्ध केली. अकादमीच्या काही विधानांना तिने विरोध केला, आणि तो तिच्या परीने वाजवी होता. पेरोंच्या पुढे एक नमुना होता. तिच्या पुढे एक सोबती होता. विद्वानांनी ह्या बाईच्या लिखाणाकडे फार काळ काव्यात्म विरंगुळा म्हणून पाहिले. परंतु प्राणी मेल्यावर त्याच्या आत काय आहे हे पाहणे आणि तो मरू नये म्हणून त्याच्यापाशी बसणे, यांतून दोन वेगळ्या प्रकारचे ज्ञान मिळते; पिंजऱ्याच्या इतिहासाला दुसरे अधिक उपयोगी पडले आहे.

सतराव्या शतकाच्या अखेरीस डच चित्रकार आणि प्रवासी कोर्नेलिस द ब्रॉइन याने स्मिर्ना बंदरात आपल्या बिऱ्हाडी शॅमेलिऑन पाळले होते. त्याने त्यांना खोलीत मोकळेच फिरू दिले. तरीही ते चारपाच महिन्यांपलीकडे टिकले नाहीत, असे त्याने प्रांजळपणे लिहिले आहे. पिंजरा नसणे म्हणजे घर असणे नव्हे, ही गोष्ट त्या खोलीत दिसून आली. भिंती होत्या, छप्पर होते. पानांवरचे दव मात्र नव्हते. शॅमेलिऑन भांड्यातले स्थिर पाणी सहसा पीत नाही. बहुधा ते पाणी आहे हेच त्याला उमगत नाही. पानावरून ओघळणारा थेंब चमकला की तो जीभ लावतो. पाण्याने भरलेल्या वाटीशेजारी तहानेने सुकून गेलेले किती शॅमेलिऑन युरोपच्या दिवाणखान्यांत मेले असतील, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

एकोणिसाव्या शतकात काच आली. म्हणजे काच पूर्वीही होतीच. परंतु इंग्लंडात काचेवर जबर कर होता, तो १८४५ साली उठला आणि काच मध्यम वर्गाच्या आवाक्यात आली. त्याआधी १८२९ साली लंडनमधील डॉ. नाथानिएल वॉर्ड यांना एका बंद बाटलीत नेच्याचे रोप आपोआप उगवलेले आढळले होते. बंद काचेत वनस्पती स्वतःच्याच ओलाव्यावर जगते, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यावरून काचेच्या पेट्या निघाल्या. त्यांतून रोपे सात समुद्रांपार गेली, आणि धुरकट लंडनच्या घराघरांत नेचे डुलू लागले. नेच्यांपाठोपाठ बेडूक, पाली आणि सरडे त्या पेट्यांत आले. १८४९ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातले पहिले सर्पगृह उघडले. जर्मनीत योहान फोन फिशर याने १८८२ साली शॅमेलिऑनची पकड, पाठवणी, पालन आणि बंदिवासातील प्रजनन यांवर लेख लिहिला, आणि १८८४ साली अशा पेट्यांवर एक जाडजूड ग्रंथच काढला. पाळणे हे आता शास्त्र होऊ लागले होते.

पण ज्या काचेने नेचा जगविला तिनेच शॅमेलिऑन मारला. ह्याची कारणे दोन. पहिले हवा. नेच्याला कोंदट ओल मानवते. झाडाच्या शेंड्याशी वाऱ्यावर डुलणाऱ्या प्राण्याला ती मानवत नाही, त्याची फुप्फुसे बिघडतात. प्लिनीचा वारा असा उलट्या अर्थाने खरा ठरला : शॅमेलिऑन वाऱ्यावर जगत नाही, पण वाऱ्यावाचूनही जगत नाही.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म होते आणि ते कळावयास विसावे शतक उजाडावे लागले. युरोपच्या औद्योगिक शहरांत लहान मुलांचे पाय वाकत, हाडे मऊ पडत. ह्या मुडदूस रोगाने हजारो मुले पांगळी झाली. १९१९ साली बर्लिनमधील डॉ. हुल्डशिन्स्की यांनी अशा मुलांना पाऱ्याच्या दिव्याच्या जंबुपार किरणांत ठेवले आणि त्यांची हाडे भरून आली. लवकरच ड जीवनसत्त्वाचा उलगडा झाला. ऊन अंगावर पडले की कातडी हे सत्त्व स्वतः तयार करते. त्यावाचून अन्नातला चुना हाडांत जिरत नाही. साधी खिडकीची काच मात्र उजेड आत सोडते आणि नेमके तेच किरण बाहेर ठेवते. काचेच्या पेटीतील शॅमेलिऑनला ऊन दिसत होते, लाभत नव्हते. त्याचे पाय वाकत, जबडा रबरासारखा होई, फांदीवरची पकड सुटे. लंडनच्या गल्लीतले मूल आणि दिवाणखान्यातला सरडा एकाच दुखण्याने पांगळे होत होते. दोघांच्याही बाबतीत भरवणाऱ्याची माया कमी पडली नव्हती.

हे ज्ञान पिंजऱ्यापर्यंत आणण्याचे श्रेय बव्हंशी एका स्त्रीचे आहे. जोन प्रॉक्टर १८९७ साली जन्मली. प्रकृती आयुष्यभर नाजूक. १९२३ साली ती लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांची प्रमुख झाली, आणि १९३१ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी वारली. ह्या थोड्या वर्षांत तिने नवे सर्पगृह योजिले, ते १९२७ साली उघडले. त्यात विजेने ऊब देण्याची सोय होती, ती प्रत्येक कप्प्याला वेगळी. म्हणजे वाळवंटातल्या आणि जंगलातल्या प्राण्यांना एकच उकाडा सोसावा लागू नये. जंबुपार किरण आत सोडणारी एक खास काच त्या सुमारास निघाली होती, ती तिने वापरली. प्रेक्षकांची वाट अंधारी आणि प्राण्याचा कप्पा उजळ, ही रचनाही तिथलीच. एवढे करून ती थांबली असती तरी पुरे होते. पण तिच्या कोमोडो घोरपडी तिच्या मागून पाळीव कुत्र्यासारख्या चालत, ही गोष्ट लोकांच्या अधिक लक्षात राहिली. लोकांचे असेच असते.

आज शॅमेलिऑनसाठी जे घर सांगितले जाते, त्याच्या प्रत्येक बाजूवर ह्या इतिहासाची एकेक रेघ आहे. येमेनमधील तुरेवाला शॅमेलिऑन हा सर्वांत अधिक पाळला जाणारा. त्याच्या पूर्ण वाढलेल्या नरासाठी साठ सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद आणि एकशेवीस सेंटिमीटर उंच पिंजरा असावा असे जाणकार सांगतात. उंची लांबीपेक्षा अधिक, कारण हा प्राणी धावणारा नव्हे, चढणारा आहे. वर बसून खाली पाहता आले म्हणजे तो निर्धास्त असतो. म्हणून पिंजरा जमिनीवर ठेवावयाचा नाही, माणसाच्या डोळ्यांपर्यंत येईल असा उंच मंचावर ठेवावयाचा. भिंती जाळीच्या असल्या की हवा खेळते, परंतु थंड किंवा कोरड्या मुलखात ओल टिकत नाही. तेथे काच चालते, मात्र खालून हवा शिरेल आणि वरून निघून जाईल अशी झडप ठेवावी लागते; तापलेली हवा वर चढते आणि ताजी हवा आपोआप आत येते. जाळी आणि काच यांवरून पाळणाऱ्यांत पुष्कळ वाद झाले. खरे पाहता तो वाद घराबाहेरच्या हवामानाचा आहे. कोकणातल्या ओल्या हवेत जे चालेल ते ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात चालणार नाही, हे सांगावयास कोणी पंडित नको.

आत जिवंत झाडे हवीत. मनीप्लँट, जास्वंद, लहान पानांचा फायकस अशी. निरनिराळ्या जाडीच्या आडव्या फांद्या हव्यात, म्हणजे पायांची पकड कमकुवत होत नाही. वरच्या बाजूस एका कोपऱ्यात ऊब देणारा दिवा. त्याखाली तीस अंशांच्या आसपास तपमान, आणि खाली येईल तसतसे कमी. सगळा पिंजरा सारखाच तापविणे ही नवख्याची नेहमीची चूक. ज्या प्राण्याचे रक्त स्वतःची ऊब राखीत नाही त्याला उन्हात जाता आले पाहिजे, तसेच उन्हातून निघताही आले पाहिजे. जंबुपार किरणांची नळी निराळी लागते. ती जळत असलेली दिसते, पण तिचे किरण हळूहळू क्षीण होतात. म्हणून सहा महिने ते वर्षभरात ती बदलावी लागते. प्रॉक्टरच्या काळातला घोटाळा इथे पुन्हा दबा धरून बसला आहे : उजेड आहे, किरण नाहीत. टेक्सासमधील संशोधकांनी २००९ साली दाखवून दिले की आहारात ड जीवनसत्त्व कमी पडले की शॅमेलिऑन आपण होऊन अशा किरणांत अधिक वेळ बसतो, पुरेसे मिळाले की कमी बसतो. प्राण्याला आपली गरज कळते. पाळणाऱ्याने त्याला निवड करण्यापुरती जागा ठेवली पाहिजे, एवढेच.

पाणी फवाऱ्याने किंवा थेंबाथेंबाने पानांवर पडावे, आणि दोन फवाऱ्यांच्या दरम्यान पाने वाळावीत. सतत ओल राहिली की बुरशी धरते. विष्ठा रोज उचलावी. रात्री उरलेले रातकिडे पिंजऱ्यात ठेवू नयेत, ते झोपलेल्या प्राण्याचा चावा घेतात. किडे देण्यापूर्वी त्यांना चुन्याची भुकटी लावावी. आणि एका पिंजऱ्यात एकच. दुसरा शॅमेलिऑन नुसता नजरेस पडला तरी पहिल्याचे रंग काळवंडतात. काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबाशीही तो झुंज घेतो. सोबतीची हौस पाळणाऱ्याला असते, त्याला नसते.

तरीही शॅमेलिऑनचा पिंजरा असा एकवचनी शब्दप्रयोग फसवा आहे. ह्या कुळात दोनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या निम्म्याजवळ एकट्या मादागास्कर बेटावर आहेत. केनियाच्या उंच डोंगरांतल्या तीन शिंगांच्या जातीला रात्री चांगलाच गारवा लागतो. मादागास्करमधील चिमुकल्या जाती पाचोळ्यात राहतात. त्यांना उंच पिंजऱ्याचा उपयोग नाही. त्यांतल्या एका जातीची ओळख २०२१ साली झाली, तिच्या नराचे शरीर शेपटी वगळता साडेतेरा मिलिमीटर भरले. तो बोटाच्या पेरावर मावतो.

हे सारे ज्ञान महाग पडले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विमाने आली आणि मादागास्करचे शॅमेलिऑन हजारोंनी परदेशी जाऊ लागले. पुष्कळ वाटेतच मरत. १९७७ साली आंतरराष्ट्रीय कराराने शॅमेलिऑनच्या व्यापारावर देखरेख आली, आणि १९९५ पासून मादागास्करच्या चार जाती वगळता तेथील बहुतेक मोठ्या जातींचा व्यापार थांबविण्यात आला. आता बाजारात येणारे तुरेवाले शॅमेलिऑन बहुतांशी बंदिवासातच जन्मलेले असतात. ज्यांनी पिंजरा नीट केला त्यांच्याकडेच अंडी उबली, हा त्यातला व्यवहार.

ह्या कथेत एक प्रकरण हवाईचे आहे. १९७२ साली ओआहू बेटावरील एका दुकानदाराने केनियाहून काही डझन तीन शिंगांचे शॅमेलिऑन मागविले. ते पोचले तेव्हा खंगलेले, पाण्यावाचून सुकलेले होते. त्याने दयाबुद्धीने त्यांना आपल्या बागेतल्या झाडांवर सोडले, की चार दिवस मोकळ्या हवेत सावरावेत. हवा दमट, रात्री गार, पानांवर पाऊस. त्या बागेत त्यांना जे हवे ते सारे मिळाले. ते सावरले, आणि कुंपणापाशी थांबले नाहीत. आज ते ओआहू, माउई आणि हवाई बेटांवर रानात पसरले आहेत, आणि जगात अन्यत्र कोठेही नसलेल्या तेथील गोगलगायी आणि किडे खात आहेत. त्यांना बेटाबाहेर नेणे तेथे कायद्याने निषिद्ध आहे. माउई बेटावर आणि फ्लॉरिडात येमेनचा तुरेवालाही २००२ च्या सुमारास रानात आढळला.

आपल्याकडचा घोयरा भारतात आणि श्रीलंकेत आढळतो. कोरड्या झाडीत, पावसाळ्याच्या आगेमागे, मादी अंडी घालावयास झाडावरून उतरते तेव्हा तो दिसण्याचा संभव अधिक. एरवी तो समोरच्या फांदीवर असला तरी दिसत नाही. त्याला पकडणे आणि पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि परदेशी शॅमेलिऑन बाळगणाऱ्यालाही २०२२ च्या दुरुस्तीनंतर सरकारदरबारी नोंद करावी लागते. घोयरा विषारी आहे, तो चावला की माणूस दगावतो, अशा समजुती खेडोपाडी आहेत. त्याला विष नाही. ह्या समजुतींपायी तो दगडांनी मारला जातो, आणि रस्ता ओलांडताना, मागेपुढे झुलत एकेक पाऊल टाकण्याच्या आपल्या सवयीमुळे, चाकाखाली सापडतो. वाटेत असा दिसला तर त्याच्यासमोर एक काठी आडवी धरावी. तो तिच्यावर चढतो. मग ती काठी ज्या बाजूला तो चालला होता त्या बाजूच्या झुडपाला टेकवावी, आणि त्याने फांदी धरीपर्यंत उभे राहावे. ह्याला थोडा वेळ लागतो.